प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून नव्हे: कॅन्सर आणि नियामक टी-पेशी

रानजाई

गेल्या आठवड्यात इथल्या एका धाग्यावर कॅन्सर झालेल्या माणसाला ‘इम्युनिटी वाढवायला काय द्यावं’ यावर भरपूर प्रतिसाद आले. गुळवेल, गव्हांकुराचा रस, हळदीच्या कॅप्सूल, परदेशी मशरूमची पावडर. तळमळ सगळ्यांचीच खरी होती. पण त्या सल्ल्यांच्या मुळाशी एक गृहीतक होतं: प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून कॅन्सर झाला, तेव्हा ती वाढवली की तो हटेल. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी मुंबईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, इम्युनॉलॉजी माझ्याकडे असतं. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाच्या रिपोर्टवर मत देणार नाही. पेशी काय करतात तेवढं सांगते.

बऱ्याच गाठींमध्ये प्रतिकारपेशी गैरहजर नसतात. त्या आत शिरलेल्या असतात आणि त्यांतल्या काही कॅन्सरपेशींना नीट ओळखतातही. तरी पुढे काही घडत नाही. कारण प्रतिकाराला आवर घालणं हेच काम असलेल्या दुसऱ्या पेशीही तिथे जमलेल्या असतात. या नियामक टी-पेशी, लॅबमधल्या बोलीत टी-रेग.

गाठीच्या छेदाची, फॉक्सपी३ या प्रथिनासाठी रंगवलेली स्लाइड मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. सगळी केंद्रकं निळी दिसतात, फक्त टी-रेगची तपकिरी. आधी नजरेत भरतात त्या कॅन्सरपेशी, मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या, एकमेकींना चिकटून बेटं करून राहिलेल्या. मग लेन्स बदलली की बेटांच्या काठाने लहान गोल लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारपेशी, दिसू लागतात, निळ्यांमध्ये तपकिरी मिसळलेल्या. जिथे निळी लिम्फोसाइट पोचली आहे तिथेच, तिला खेटून, तपकिरी ठिपका. मुलं हमखास विचारतात, ‘मॅडम, या आपल्याच पेशी ना?’ हो, आपल्याच.

आणि त्या शरीराला हव्याच असतात. १९६९ साली जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांच्या पिल्लांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. टी-पेशी थायमसमध्ये तयार होतात, म्हणजे प्रतिकार दुबळा व्हायला हवा. झालं उलटं, माद्यांची बीजांडं त्यांच्याच शरीराने नष्ट केली. थायमस सातव्या दिवशी काढली तर असं होत नव्हतं. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मध्ये थायमसमधून असं काहीतरी बाहेर पडतं जे बाकीच्यांना आवरतं, एवढं त्यातून कळलं. शिमॉन साकागुची यांनी नागोयाच्या कर्करोग संशोधन केंद्रात हा धागा उचलला. निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्या की या पिल्लांचा आजार थांबतो, हे त्यांनी दाखवलं. नेमक्या कोणत्या पेशी, हे शोधायला त्यांना १९९५ उजाडलं: ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी४ आणि सीडी२५ ही दोन्ही प्रथिनं असतात त्या.

मधली वर्षं अवघड होती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. १९७० च्या दशकात ‘सप्रेसर टी-सेल’ नावाची कल्पना जोरात होती. ऐंशीच्या दशकात ती कोसळली, कारण या पेशींचा म्हणून जो जनुक सांगितला जात होता तो गुणसूत्रावर सांगितलेल्या जागी सापडलाच नाही. त्यानंतर ‘दाबणाऱ्या पेशी’ म्हटलं की शास्त्रज्ञ तोंड फिरवत. साकागुचींनी त्या काळात काम सोडलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

दुसरं टोक अमेरिकेत होतं. ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४९ मध्ये उंदरांचा एक वाण आपोआप उपजला होता, ‘स्कर्फी’. नर पिल्लांची त्वचा खवलेदार, प्लीहा फुगलेली, आणि काही आठवड्यांत मृत्यू. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागचा जनुक शोधला, तोच फॉक्सपी३. माणसाच्या बाळांमध्ये हा जनुक बिघडला तर आयपेक्स नावाचा गंभीर आजार होतो. पुढच्या दोन वर्षांत स्पष्ट झालं की टी-रेगला टी-रेग बनवतो तो हाच जनुक. साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता गाठीत काय होतं ते. गाठीतल्या कॅन्सरपेशी आणि मॅक्रोफेज (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) सीसीएल२२ नावाचा रासायनिक संदेश सोडतात, टी-रेगवर त्याचा ग्राहक (रिसेप्टर, संदेश पकडणारं प्रथिन) असतो, त्या ओढल्या जातात. बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये हे २००४ मध्ये दाखवलं गेलं, आणि जिथे टी-रेग जास्त तिथे रुग्णांचं आयुर्मान कमी, हेही. रक्तात सीडी४ पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के टी-रेग असतात, काही गाठींमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं.

तिथे पोचल्यावर त्यांच्या कामाच्या पद्धती अनेक. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आयएल-२ ची. कॅन्सरपेशींना मारणाऱ्या मारक टी-पेशींना वाढायला आयएल-२ हे प्रथिन लागतं. टी-रेगवरचं सीडी२५ हा त्याचाच ग्राहक, आणि तो त्यांच्यावर कायम भरपूर असतो, म्हणून आयएल-२ त्याच आधी उचलतात. आपल्या जुन्या इमारतींमध्ये एखाद्याने लाइनवर मोटर लावली की वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडतात ना, तसं. पाणी आलेलं असतं, पोचत नाही. दुसरी पद्धत सीटीएलए-४ या त्यांच्यावरच्या प्रथिनाची. डेंड्रिटिक पेशी मारक पेशींना ‘हे बघ, हे परकं आहे’ असं दाखवतात, तेव्हा सोबत सीडी८० आणि सीडी८६ या रेणूंनी होकारही द्यावा लागतो. टी-रेग आपल्या सीटीएलए-४ ने हे रेणू अक्षरशः ओढून गिळून टाकतात. शिवाय आयएल-१०, टीजीएफ-बीटा, अ‍ॅडेनोसिन ही प्रतिकार दाबणारी मंडळी आहेतच.

म्हणून ‘शक्ती वाढवा’ हा सल्ला मला पटत नाही. मारक पेशी आहेत, त्यांना तिथे, त्या गाठीपुरतं, अडवून धरलं जातंय.

---

दादरकर

वाचतोय. फार सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. नोबेलची बातमी वाचली होती तेव्हा ‘ऑटोइम्यून आजारांसाठी’ (प्रतिकार स्वतःच्याच शरीरावर उलटतो ते) एवढंच लक्षात राहिलं होतं. कॅन्सरशी संबंध आज कळला.

---

स्मिता_मुलुंड

एक बाळबोध प्रश्न. या पेशी इतक्या आडव्या येतात तर औषध देऊन मारून का टाकत नाहीत? केमो तर त्याहून भयंकर असते.

---

रानजाई

स्मिता, अजिबात बाळबोध नाही, सगळं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरतंय.

उंदरांवर हे करून झालंय. १९९९ मध्ये दोन वेगळ्या गटांनी सीडी२५ ला चिकटून टी-रेग कमी करणारी अँटीबॉडी दिली आणि उंदरांनी गाठी स्वतःच परतवल्या. पण अँटीबॉडी गाठ रुजायच्या सुमारास द्यावी लागत होती. उशिरा दिली तर उपयोग नाही. कारण कामाला लागलेल्या मारक पेशीही तात्पुरतं सीडी२५ दाखवतात, म्हणजे ज्यांना वाचवायचं त्याही गेल्या.

दुसरी अडचण मोठी. २००७ मध्ये असे उंदीर तयार केले गेले ज्यांच्या फक्त फॉक्सपी३ असलेल्या पेशी हव्या तेव्हा नष्ट करता येतील. पूर्ण वाढलेल्या, धडधाकट उंदरांमधल्या त्या पेशी काढल्या आणि दोन-तीन आठवड्यांत उंदीर मेले, स्वतःच्याच प्रतिकारामुळे. म्हणजे टी-रेग फक्त लहानपणी लागतात असं नाही, रोज लागतात. फुप्फुसं, आतडं, त्वचा, थायरॉइड, सगळीकडे. गरोदरपणात अर्धं परकं असलेलं बाळ आईचं शरीर सांभाळून घेतं, त्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

तेव्हा प्रश्न असा उरतो की गाठीतल्या टी-रेग तेवढ्या कशा उचलायच्या. सध्या सर्वांत जास्त लक्ष आहे ते सीसीआर८ या ग्राहकावर. गाठीत शिरलेल्या टी-रेगवर तो ठळक असतो, रक्तातल्यांवर कमी. त्यावरच्या अँटीबॉडींच्या चाचण्या माणसांवर चालू आहेत. त्याआधीचं उदाहरण मोगॅम्युलिझुमॅब, सीसीआर४ वरचं औषध. जपानमध्ये २०१२ मध्ये एका टी-पेशींच्या ल्युकेमियासाठी मान्य झालं, ते टी-रेगही कमी करतं. पण सीसीआर४ इतर उपयोगी टी-पेशींवरही असतो, म्हणून इतर कॅन्सरमध्ये ते तितकं साधलं नाही.

---

घननीळ

मोटरचं उदाहरण घेतलंत त्यावरून. आयएल-२ कमी पडतंय तर बाहेरून भरपूर द्यायचं. टाकीच मोठी करायची.

---

रानजाई

दिलंय. किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी अमेरिकेत १९९२ पासून मोठ्या डोसचं आयएल-२ मान्य आहे. थोड्या रुग्णांमध्ये गाठी पूर्ण गेल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत, हे खरं आहे. पण रक्तदाब कोसळणं, केशवाहिन्यांमधून पाणी झिरपणं असे त्रास इतके की रुग्णाला आयसीयूसारख्या देखरेखीत ठेवावं लागे. आणि बाहेरून दिलेलं आयएल-२ आधी उचलतं कोण? टी-रेगच. म्हणून आता अगदी लहान डोसचं आयएल-२ नेमकं उलट कामासाठी वापरून पाहतात, टी-रेग वाढवून ऑटोइम्यून आजार शांत करायला.

---

अनाहत

उत्तम धागा. एक शंका, थोडी तक्रारही. ‘टी-रेग जास्त म्हणजे वाईट’ हे सरसकट नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फॉक्सपी३ असलेल्या पेशी जास्त असतील तर रुग्ण अधिक जगतात असं काही अभ्यासांत आलंय. मी फार्मात आहे, पाथॉलॉजीच्या लोकांशी रोजचा संबंध येतो, ते यावर नेहमी बोट ठेवतात.

---

रानजाई

अनाहत, बरं झालं काढलंत. याची उकल साकागुचींच्याच गटाने २०१६ मध्ये केली. माणसात फॉक्सपी३ थोड्या प्रमाणात, तात्पुरतं, साध्या टी-पेशीही दाखवतात, त्या जाग्या झाल्या की. त्या दाबत नाहीत, उलट दाह वाढवतात. आतड्याच्या काही गाठींमध्ये जिवाणू आत घुसलेले असतात, तिथे या दुसऱ्या प्रकारच्या पेशी खूप असतात आणि त्या रुग्णाच्या बाजूने काम करतात. स्लाइडवर दोन्हींची केंद्रकं तपकिरीच दिसतात. फरक कळायला फॉक्सपी३ किती गडद आणि सोबत सीडी४५आरए आहे का, हे पाहावं लागतं. वर मी स्लाइडचं वर्णन केलं ते अशा गाठीचं नव्हतं, पण नुसते ठिपके मोजून निष्कर्ष काढू नये, हे अगदी मान्य.

---

ओंकार_डोंबिवली

पहिल्यांदाच लिहितोय इथे. बाबांना गालाचा कॅन्सर आहे, तंबाखूची सवय होती. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, वर्षाच्या आत परत आला. आता परळला जातो आम्ही. सकाळची फास्ट पकडायची म्हटलं तर त्यांना गर्दी झेपत नाही, म्हणून चुलतभावाची गाडी असेल तेव्हा गाडी, नाहीतर दुपारची स्लो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, मेथोट्रेक्सेट आणि आणखी दोन, आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचं छोट्या डोसचं सलाईन. केमो म्हणजे मोठं सलाईन असतं असं वाटायचं, त्यामुळे घरच्यांना शंका येते की डॉक्टरांनी सोडूनच दिलं की काय. काका म्हणतात गोळ्यांनी काय होणार, त्यांनी नाशिकहून एक इम्युनिटीची पावडर आणलीये. बाबा ती मुकाट घेतात, काकांना वाईट वाटू नये म्हणून.

हे सगळं या टी-रेगशी जोडलेलं आहे का?

---

रानजाई

ओंकार, आधी हे सांगते: डॉक्टरांनी सोडून दिलेलं नाही. तुमच्या बाबांना जे चाललंय त्याची चाचणी परळलाच, टाटा मेमोरियलमध्ये झाली आणि जगभर वाचली गेली. त्यांच्यासारख्याच, डोकं-मानेचा कॅन्सर परतलेल्या किंवा पुढे गेलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब या गोळ्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के. आकडा सगळ्यांना वाचवणारा नाही, हे तुम्हालाही दिसतंय. पण पूर्ण डोस परवडणं इथे बहुतेकांना शक्य नसताना एवढा फरक पडणं मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमचा प्रश्न. निव्होलुमॅब पीडी-१ या प्रथिनावर काम करतं. मारक पेशींवर पीडी-१ असतं, कॅन्सरपेशी त्याला धरून त्यांना थंड करतात, औषध ती पकड सोडवतं. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांचं २०१८ चं नोबेल याच विषयाचं, अ‍ॅलिसन सीटीएलए-४ साठी आणि होन्जो पीडी-१ साठी. म्हणजे हे औषध थेट टी-रेगवरचं नाही, पण त्याच अडथळ्याच्या दुसऱ्या बाजूचं आहे.

रोज किंवा आठवड्याला थोडी थोडी केमो देण्याला मेट्रोनॉमिक म्हणतात. सायक्लोफॉस्फमाइड असं कमी डोसमध्ये दिलं की टी-रेग घटतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. बाबांच्या गोळ्यांत ते नाही. त्यांच्याकडे सेलेकॉक्सिब आहे, ते प्रोस्टाग्लँडिन ई२ हे दाहाशी संबंधित रसायन कमी करतं, आणि हे प्रोस्टाग्लँडिन टी-रेगना पोसतं. शिवाय या गोळ्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांनाही खीळ घालतात. काकांना हे सांगा. गोळी दिसायला लहान आहे म्हणून उपचार लहान नाही.

पावडरीबद्दल स्पष्ट बोलते. गुळवेल असलेली इम्युनिटीची औषधं घेऊन यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, कोविडच्या काळातली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तेही सांगितलं पाहिजे. पण मेथोट्रेक्सेट स्वतः यकृतावर भार टाकतं. त्यात डब्यावर पूर्ण घटक न लिहिलेली पावडर मिसळायची आणि उद्या एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) बिघडली तर कशामुळे ते डॉक्टरांना कळायचं नाही. डबा पुढच्या खेपेला ओपीडीत सोबत न्या आणि दाखवा.

---

स्मिता_मुलुंड

ओंकार, बाबांना लवकर आराम पडो. परळला राहायची गरज पडली तर नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा या दोन्हीकडे चौकशी करा. माझ्या मावशीच्या वेळी आम्ही धर्मशाळेत राहिलो होतो. टाटाची चिठ्ठी लागते, समाजसेवा विभागात मिळते.

---

घननीळ

रक्त तपासून टी-रेग किती आहेत ते कळतं का? इन्स्टावर एका लॅबची जाहिरात आली होती, ‘इम्यून प्रोफाइल’, चांगले काही हजार रुपये.

---

रानजाई

मोजता येतात, फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर. संशोधनात रोज मोजतात. पण रक्तातला आकडा गाठीतली स्थिती सांगत नाही, आणि त्यावरून उपचार ठरत नाही. गाठीवर पीडी-एल१ (पीडी-१ ला धरणारं प्रथिन) किती आहे हे पाहतात त्याला अर्थ आहे, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. घरबसल्या ‘प्रोफाइल’ करून हाती आलेला कागद फक्त घाबरवेल. ते पैसे प्रवासाला आणि रुग्णाच्या खाण्यातल्या प्रोटीनला ठेवा असं मी कोणालाही सांगेन.

---

दादरकर

आयआयटीची कार-टी थेरपी निघालीये ना, पवईची, रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात ती. ती या अडथळ्यातून जाईल का?

---

रानजाई

नेक्सकार१९, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलची, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. रक्तात फिरणाऱ्या पेशींना गाठणं सोपं असतं. घट्ट गाठींमध्ये कार-टी अडखळते, आणि टी-रेग हे त्याचं एक कारण आहे. कार-टी देण्याआधी फ्लुडाराबीन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधं देऊन रुग्णाच्या आधीच्या लिम्फोसाइट कमी करतात. त्यात टी-रेगही जातात आणि नव्या पेशींना वाढायला वाव मिळतो.

---

अनाहत

पूरक माहिती. पीडी-१ ची औषधं कधीकधी उलटतात, गाठ झपाट्याने वाढते. पोटाच्या कॅन्सरमध्ये २०१९ मध्ये दिसलं की अशा रुग्णांत गाठीतल्या टी-रेगवरही पीडी-१ होतं, औषधाने त्यांचीच पकड सुटली आणि त्या वाढल्या. प्रमाण कमी आहे, घाबरायचं कारण नाही, पण सुरुवातीची स्कॅन चुकवू नयेत ती यासाठीही.

---

ओंकार_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. डबा नेला होता. डॉक्टरांनी पावडर बंद करा म्हणून काकांच्या समोरच सांगितलं, काका सोबत आले होते. काकांनी ऐकलं. त्यांना विचारायचं होतं की मग आम्ही घरच्यांनी करायचं काय, तर डॉक्टर म्हणाले खाणं आणि लक्ष ठेवणं. कशावर लक्ष ठेवायचं ते घाईत नीट लिहून घेता आलं नाही.

---

रानजाई

काकांना सोबत नेलंत हे फार छान केलंत.

निव्होलुमॅबने प्रतिकारावरची पकड सुटते ती फक्त गाठीतच नाही, म्हणून त्रास होतो तो स्वतःच्याच अवयवांना. डोस लहान असला तरी लक्ष हवं. जुलाब: नेहमीपेक्षा दिवसाला तीन-चार वेळा जास्त किंवा रक्त पडलं तर त्याच दिवशी फोन. घरी लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) देऊन वाट बघत बसायचं नाही. नवा कोरडा खोकला किंवा जिना चढताना धाप लागणं. डोळे, लघवी पिवळी होणं. अंगभर पुरळ. फार थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, हे थायरॉइडचं असू शकतं, रक्ताच्या तपासणीत कळतं. सतत डोकेदुखी आणि गळून जाणं. आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे म्हणून तोंड जास्त सोलवटणं, ताप येणं. यातलं बरंचसं वेळेवर कळलं तर स्टेरॉइडने किंवा औषध थांबवून आटोक्यात येतं. ताप आणि जुलाब हे दोन कधीही उद्यावर टाकू नका.

गावाकडच्या किंवा डोंबिवलीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तर ‘निव्होलुमॅब चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. शेवटचा डोस होऊन काही महिने झाले असले तरी सांगा, कारण हे त्रास उशिराही येतात. फाइलचं पहिलं पान आणि डोसच्या तारखा बाबांच्या, तुमच्या आणि काकांच्या, तिघांच्याही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.